भागीरथीचा प्रश्न

मेलवीथी, तंजावर
५ फेब्रुवारी

चि. अनिरुद्धरावास वेणीआत्याचे आशीर्वाद.

तुझं पोंगलचं पत्र पावलं. चार ओळींत सहा चुका. माझ्या हिंदीच्या शिकवणीत मागच्या बाकावर बसून देवनागरी गिरवलीस, ती चेन्नैला जाऊन धुऊन टाकलीस वाटतं. तरी लिहीत जा. फोनवर आपण तमिळमध्ये बोलतो आणि दोन मिनिटांत भांडतो. कागदावर, मराठीत, मी जरा शहाणी असते.

आज काम काढून लिहिते आहे. तुझी थोरली आत्या, माझी भागीरथीअक्का, तिच्या वैद्यनाथाचं केंद्र बंद होतंय. तू त्याला पाहून पाच-सहा वर्षं झाली असतील. आता तो त्रेचाळीस वर्षांचा आहे, नव्वद किलोचा, आणि बुद्धीनं तीन वर्षांचा. अक्का शहात्तरची. तिरुवैयारूच्या घरात दोघंच. सकाळी नऊला केंद्राची व्हॅन यायची आणि चारला सोडून जायची. तिथं त्याच्यासारखी बारा-तेरा मोठी माणसं होती. मणी ओवायची, जेवायची, पंख्याखाली निजायची. त्या सात तासांत अक्का आंघोळ करायची, स्वयंपाक करायची आणि बसायची. बसायची म्हणजे नुसती बसायची. बावीस वर्षं ही बाई त्या सात तासांवर जगली.

आता सरकारचं नवं धोरण आलंय. अठरा वर्षांवरच्यांना केंद्र नाही, त्यांना घरपोच सेवा. म्हणजे महिन्यातून दोनदा एक बाई घरी येऊन मायलेकाला व्यायाम शिकवणार. महिनाअखेर केंद्राला कुलूप.

तू विरोधी पक्षाच्या आमदारबाईंकडे कामाला आहेस. मंत्र्यांना विचारायचे प्रश्न मीच लिहितो, असं दिवाळीला छाती फुगवून सांगत होतास. मग हा एक लिही. अक्कानं जन्मात कोणाकडे काही मागितलं नाही, म्हणून मी मागते.

वेणीआत्या


आमदार निवास, चेन्नै
१४ फेब्रुवारी

ती. वेणीआत्यास सा. नमस्कार.

चुका नंतर मोज, आधी वाच. प्रश्न दिला. भुवनाबाईंनी सही केली. सही करण्याआधी विचारलं, "तिरुवैयारू आपल्या मतदारसंघात येतं का?" येत नाही. मग मी म्हटलं, अशी केंद्रं आणखीही ठिकाणी बंद होतायत, मंत्र्यांना उत्तर देता येणार नाही. तेव्हा त्यांनी पेन उघडलं. बाई वाईट नाहीत गं. इथं दया यायलासुद्धा कारण दाखवावं लागतं, एवढंच. हे पत्र मी ऑफिसच्या टेबलावर सगळ्यांसमोर लिहितो आहे आणि कोणालाही वाचता येत नाही, हा तुझ्या शिकवणीचा खरा फायदा.

विधानसभेच्या प्रश्नात मत नको, आरोप नको, रडणं तर नकोच. तुझं 'नुसती बसायची' मी घालून पाहिलं होतं. सचिवालयानं काढलं. उरलं ते असं: 'तिरुवैयारू येथील प्रौढ मतिमंदांचे दिवस-केंद्र बंद करण्यात येत आहे, हे खरे आहे काय? असल्यास, तेथील व्यक्तींची कोणती पर्यायी व्यवस्था केली आहे?' आता सोडतीच्या चिठ्ठीत नंबर लागला तर मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागेल. नाहीतर सरकारी काम आणि सहा महिने थांब.

एक महत्त्वाचं. उत्तराआधी खातं चौकशी करतं. उदाहरण म्हणून मी वैद्यनाथाचं नाव दिलंय, तेव्हा कोणीतरी घरी येईल. आत्या, जे आहे ते दाखवा. काही सजवू नका, काही लपवू नका. थोरल्या आत्याला बोलू दे.

अनिरुद्ध


मेलवीथी, तंजावर
९ मार्च

चि. अनिरुद्धास आशीर्वाद.

चौकशी झाली. छान झाली. अधिकारी म्हणून कोण आली असेल सांग? वासुकी! आपल्या शिकवणीत दोन वेण्या घालून यायची, 'ने' प्रत्यय कुठे लावायचा ते कधी कळलं नाही, तीच. आता खात्यात मोठी झाली आहे. मी आदल्या दिवशीच बसनं तिरुवैयारूला गेले होते. तिनं सगळं पाहिलं, पेलाभर कापी प्यायली, अर्धा तास बसली. दारातूनच पाठ फिरवली, असं काही नाही. चांगल्या घरची मुलगी आहे, आपलं नक्की करील.

अक्का फार बोलली नाही. तिच्या वतीनं मी बोलले.

केंद्राला मात्र कुलूप लागलं. वैद्यनाथ नऊ वाजले की अजून दारात उभा राहतो. व्हॅन येत नाही. मग रस्त्यात कोणतीही मोठी गाडी दिसली की तिच्यामागे धावतो. मागच्या आठवड्यात कुंभकोणमच्या बसमागे धावला. चहावाल्यानं धरून आणला. अक्का आता दाराला आतून कडी घालून बसते आणि तो कडीवर डोकं आपटतो. घरपोच सेवेची बाई एकदा आली, त्याच्याकडे बघून म्हणाली, एवढा मोठा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तुझ्या प्रश्नाचा नंबर लागला का? लवकर कळव.

वेणीआत्या


आमदार निवास, चेन्नै
२८ मार्च

ती. वेणीआत्यास नमस्कार.

नंबर लागला. काल प्रश्न आला. भुवनाबाई उभ्या राहिल्या, प्रश्न वाचला, आवाज छान लागला होता. मी वर गॅलरीत होतो.

मंत्री उठले, हातात एकच कागद. त्यांनी वाचलं ते जसंच्या तसं लिहितो: 'सदर व्यक्तीच्या घरी वरिष्ठ अधिकाऱ्यांनी समक्ष भेट दिली. व्यक्ती शांत, स्वच्छ व आज्ञाधारक असून स्वतःच्या हाताने जेवते. आलेल्यांना नमस्कार करते. घर प्रशस्त व कुटुंब सुसंस्कृत आहे. आपणास कोणतीही अडचण नाही, देवाच्या दयेने काही कमी नाही, असे कुटुंबीयांनी सांगितले. सबब, घरपोच सेवा पुरेशी आहे.' मग कागद खाली ठेवून म्हणाले, "माननीय सदस्यांनी आमच्याआधी त्या घरच्यांना विचारलं असतं तर बरं झालं असतं." त्यांची बाकं हसली. आमच्यातलेही दोघे हसले.

बाईंना पुरवणी प्रश्न सुचला नाही. कसा सुचणार? केबिनमध्ये आल्यावर त्यांनी फाईल माझ्या टेबलावर आपटली आणि तीन दिवस माझ्याशी बोलायचं नाही म्हणून सांगितलं.

आत्या, तुम्ही काय दाखवलंत त्यांना?

अनिरुद्ध


मेलवीथी, तंजावर
५ एप्रिल

चि. अनिरुद्धास,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नव्हतं. अर्धं लिहिलं होतं. आता सगळं लिहिते.

चौकशीला येणार असा खात्यातून फोन आला, म्हणून आदल्या दिवशी गेले. घर झाडलं. वैद्यनाथानं नखांनी खरवडलेल्या भिंतीपुढे शेजारच्या दोघांना बोलावून कपाट सरकवलं. सकाळी त्याची दाढी करवली, जरीकाठाची वेष्टी नेसवली, कपाळाला गंध लावलं. मुलगी दाखवायला काढतात तसा त्याला नटवला. अक्काच्या दोन्ही दंडांवर त्यानं धरून ओढल्याचे काळेनिळे डाग होते. तिला मी लांब बाह्यांचं ब्लाउज घालायला लावलं. आणि त्याला गोळी दिली. फारच अनावर झाला तरच द्या म्हणून डॉक्टरांनी दिलेली. ती मी न्याहारीबरोबर दिली, म्हणून तो शांत आणि आज्ञाधारक.

वासुकी आली, "टीचर!" म्हणून माझ्या पाया पडली. मला वाटलं, जिंकलं. सुंठीच्या वड्या केल्या होत्या, त्या दिल्या. ती म्हणाली, "टीचर, अडचण काय आहे ते सांगा." तेव्हा अक्का मला मराठीत म्हणाली, "अगे वेणी, हात दाखवूं की?"

मी म्हटलं, "उगी की! आलेल्या माणसासमोर रडतात होय?"

आणि वासुकीकडे वळून तमिळमध्ये म्हटलं, देवाच्या दयेनं काही कमी नाही.

ते माझ्या तोंडून आपोआप आलं. आपल्या घरात पाहुण्याला दुसरं काही सांगितलेलं तू कधी ऐकलंस? तुझे वडील इस्पितळात शेवटच्या दिवशीसुद्धा भेटायला आलेल्याला म्हणाले, बरं आहे, कापी पिऊन जा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायले. आणि खरं सांगू? मला वाटलं, मुलगा नीटनेटका दिसला, घराला वळण आहे असं दिसलं, तर सरकारला वाटेल, ही माणसं देण्यालायक आहेत. शाळेत प्रवेश मागायला जाताना आपण पोराला फाटका सदरा घालून नेतो का? तू जे आहे ते दाखवा असं लिहिलं होतंस. मी ते वाचलं, आणि मला वाटलं, हा कालचा पोर मला काय शिकवतो.

वासुकीला दोष देऊ नको. तिनं जे पाहिलं तेच लिहिलं.

परवा त्यानं अक्काला ढकललं. रागानं नाही, दारातून बाजूला हो म्हणून. तिचा उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर घातलंय. भात तोच कालवतो आणि तिला भरवतो. अर्धा तोंडात जातो.

पुन्हा विचार रे. ह्या वेळी मी कोणापुढे काही झाकणार नाही. डॉक्टरचा कागद आणि अक्काच्या दंडांचे फोटो पाठवते आहे. फोटो मी स्वतः काढले.

वेणीआत्या


आमदार निवास, चेन्नै
२६ जून

ती. वेणीआत्यास नमस्कार.

अडीच महिने लिहिलं नाही, कारण काहीतरी चांगलं लिहायचं होतं.

तुझे फोटो मी भुवनाबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा काढून एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग स्वतः बसून प्रश्न लिहिला, नियमांत बसेल असा. पहिला अहवाल अपुरा होता, नवी चौकशी करणार काय, आणि प्रौढांची केंद्रं पुन्हा सुरू करणार काय. पुरवणी प्रश्न त्यांनी माझ्यासमोर तीनदा म्हणून पाहिले. आत्या, ह्या वेळी त्या खरंच भांडणार होत्या. तारीख पडली, चोवीस जून.

त्या दिवशी सकाळी आमच्या पक्षानं सभात्याग केला. विषय दुसराच होता, आपल्याशी काही संबंध नाही. साडेदहाला सगळे घोषणा देत उठले आणि बाईही उठल्या. उठताना त्यांनी वर गॅलरीत माझ्याकडे पाहिलं. पंधरा मिनिटांनी आपला प्रश्न पुकारला. त्या वेळी त्या बाहेर कॅमेऱ्यांपुढे ओळीत उभ्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, सदस्य अनुपस्थित, उत्तर पटलावर ठेवले असे समजण्यात येते. पुढचा प्रश्न.

उत्तराची प्रत मिळाली. दोन ओळी: 'सदर प्रकरणी यापूर्वीच समक्ष चौकशी झाली असून कुटुंबीयांची तक्रार नाही. नव्या चौकशीचा प्रश्न उद्भवत नाही.'

आता माझं अर्धं. सभात्याग होणार हे मला आदल्या संध्याकाळी कळलं होतं. बाईंना म्हटलं, तुम्ही एकट्या बसून राहा. त्या म्हणाल्या, "पक्षाचा आदेश आहे. मी बसले तर उद्या मला कोणताच प्रश्न विचारता येणार नाही." मी वाद घालायला हवा होता. मला घरभाडं आहे, मुलीची शाळा आहे. गप्प बसलो.

अजून एक अधिवेशन आहे. मला थोरल्या आत्याचे शब्द हवेत. तुझे नको, माझे नको. तिला विचार, मंत्री समोर असता तर तू काय विचारलं असतंस? ती म्हणेल ते लिहून पाठव, मी एक अक्षर बदलणार नाही.

अनिरुद्ध


तिरुवैयारू
१३ जुलै

चि. अनिरुद्धास आशीर्वाद.

हल्ली आठवड्यातले चार दिवस मी इथंच असते. अक्काचं प्लास्टर निघालं, पण मूठ वळत नाही.

सरकारी वसतिगृहाची चौकशी केली. फक्त निराधारांना घेतात. आई हयात असेल तर निराधार नाही. खाजगी ठिकाणी म्हणाले, चाळिशीवरचा, एवढ्या ताकदीचा माणूस नको.

तुझं पत्र अक्काला वाचून दाखवलं. सभात्यागाचं ऐकून ती हसली. म्हणाली, "बिचारे. त्यांसही कोणी नुसतें बसूं देईना." मग तुझा प्रश्न विचारला. मला वाटलं खूप बोलेल, म्हणून दोन कागद घेऊन बसले होते. ती वैद्यनाथाचे केस विंचरत होती, डाव्या हातानं. तो खाली बसला की शांत असतो. विंचरून झाल्यावर म्हणाली:

"लिही. मी मेल्यावर माझ्या लेंकरास कोण पाहील? बाकी मज कांही नको."

एवढंच. दुसरा कागद कोराच राहिला.

वेणीआत्या


आमदार निवास, चेन्नै
३० ऑगस्ट

ती. वेणीआत्यास नमस्कार.

थोरल्या आत्याचा प्रश्न परत आला.

मी एक अक्षर बदललं नव्हतं, फक्त तमिळ केलं. भुवनाबाईंनी काही न विचारता सही केली. आठ दिवसांनी कागद परत, वर शेरा: 'प्रश्न काल्पनिक स्वरूपाचा असल्याने अस्वीकृत.' मी सचिवालयात गेलो. तिथले गिरीश म्हणून अधिकारी आहेत, सभ्य माणूस. त्यांनी मला नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं. जे घडलेलं नाही, त्यावर सभागृहात प्रश्न विचारता येत नाही. आई हयात आहे ना? मग 'मेल्यावर' ही कल्पना झाली.

मी म्हटलं, साहेब, शहात्तर वर्षांची बाई आहे, ही कल्पना कशी? त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "माझ्या घरीही एक बहीण आहे. मला कळत नाही असं समजू नका." पण शेरा त्यांनी बदलला नाही.

हे थोरल्या आत्याला कसं सांगशील ते तूच ठरव. मला सांगता येणार नाही.

अनिरुद्ध


मेलवीथी, तंजावर
१९ ऑक्टोबर

चि. अनिरुद्धास आशीर्वाद.

अक्का गेल्यावर तू आलास, खांदा दिलास, दोन दिवस राहिलास. घर माणसांनी भरलेलं होतं, म्हणून बोलले नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगत होते, झोपेत गेली, सुखानं गेली. तुलाही तेच सांगितलं. तसं झालं नव्हतं.

त्या आठवड्यात मी तंजावरला होते. सकाळी ती स्वयंपाकघरात पडली, हृदय थांबलं असं डॉक्टर म्हणाले. दाराला आतून कडी. शेजारणीनं दुपारी खिडकीतून पाहिलं, तेव्हा वैद्यनाथ तिला उठवत होता. दंडाला धरून ओढायचा, थांबायचा, पुन्हा ओढायचा. सकाळपासून तो तेच करत असणार. तिचे दोन्ही हात कसे झाले होते ते तिला आंघोळ घालताना मी पाहिलं आणि वरून शालू घट्ट लपेटला. पुन्हा झाकलंच मी. ह्या वेळी मला त्याची लाज नाही.

सचिवालयाचा तो शेरा मी तिला सांगितला नव्हता. मंत्री विचार करून उत्तर देणार आहेत, असं सांगितलं होतं. ती वाट बघत होती की नाही ते मला माहीत नाही. दोनदा तिनं विचारलं होतं, पत्र आलं की?

वैद्यनाथ आता माझ्याकडे आहे. त्याला पाच-सहा शब्द येतात, त्यात एक 'वेणी' आहे. दिवसभर तो मला त्या नावानं हाक मारतो, आणि मी ओ दिली की गप्प होतो. मग पुन्हा.

मागच्या सोमवारी वासुकी आली होती. आपण होऊन आली. ह्या वेळी मी कापी विचारली नाही. तिनं वसतिगृहाचा अर्ज आणला होता. त्यात एक ओळ होती, 'हयात नातेवाईक'. वासुकी खाली बघत म्हणाली, "टीचर, 'कोणी नाही' लिहा. मी तपासणार नाही." मी पेन घेतलं. तो मागे उभा होता, वेणी, वेणी करत. तो हाक मारत असताना कोणी नाही असं मला लिहिता येईना. मी माझं नाव लिहिलं, खाली 'मावशी' लिहिलं. वासुकीनं अर्ज घेतला, घडी घातली आणि गेली. अर्ज नामंजूर होणार हे तिलाही माहीत आहे, मलाही.

तर तू अक्काचा तो प्रश्न पुन्हा पाठव. 'माझ्या लेंकरास' खोडून तिथं 'माझ्या भाच्यास' घाल. मी एकुणसत्तर वर्षांची आहे, साखरेचा त्रास आहे, आणि काल त्यानं माझा हात पहिल्यांदा ओढला. गिरीश म्हणतील, मावशी हयात आहे, प्रश्न काल्पनिक आहे. त्यांचा नियम बरोबर आहे. तरी पाठव.

वेणीआत्या